आबांचा जुना सर्व्हर

दूधवाल्याचं माप मी आजही वाकून बघते. भाजीवाली पावशेर म्हणाली की घरी येऊन काट्यावर ठेवते. वर्गात दोन मुलांच्या वहीत एकच चूक दिसली, तर कोणी कोणाचं उतरवलं हे शोधल्याशिवाय मला मधल्या सुट्टीतला डबा गोड लागत नाही. माझे यजमान हजीऱ्याच्या एका कारखान्यात आहेत. कंपनीची बस उशिरा आली तर साहेबाला सांगायला सोपं, घरी सांगायला अवघड, असं ते चारचौघांत हसत सांगतात. "आमच्याकडे फौजदार बाहेरून बोलवावा लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्याचा कधी राग आला नाही. उलट आतून बरंच वाटायचं. संशय घेणारी बाई फसत नाही असं मी धरून चालले होते, आणि सुरतेच्या डिंडोलीत वीस वर्षं संसार केला तरी तसं धरल्यामुळे माझं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते समाजमंडळाच्या वेबसाइटपायी. आमचं मंडळ खानदेशातून सुरतेला लूमवर, मिलमध्ये कामाला आलेल्या घरांचं. पोरापोरींची लग्नं इथेच जमावीत, स्थळ बघायला दर वेळी गावाकडे जावं लागू नये, म्हणून मंडळाने वधू-वरांची माहिती देणारी साइट काढली होती. काढली कसली, एका माणसाने एकट्याने उभी केली होती. ते मंडळाचे जुने चिटणीस. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर पुस्तकं आणून, चष्मा पुसत पुसत ते हे सगळं शिकले. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणे. बारा वर्षं त्यांनी इतिवृत्ताची वही लिहिली आणि साइटही सांभाळली. सर्व्हरवरची जागासुद्धा त्यांच्याच नावावर घेतलेली होती, कारण मंडळात दुसऱ्या कोणाला ते जमत नव्हतं.

तर या आबांचं समाजातलं नाव राहणार की जाणार, हे एका आठवड्यात माझ्या शब्दावर ठरायचं होतं. साइटचं काय झालं ते मी सांगेनच, पण माझ्या जिवाला लागलेली गोष्ट ही आहे.

सुरुवात एका तक्रारीने झाली. एका मुलीचे वडील मंडळाच्या खोलीत येऊन अध्यक्षांसमोर बसले आणि म्हणाले, आमच्या पोरीला अनोळखी माणसांचे फोन येतात, नंबर गेला कुठून? अध्यक्षांनी पंख्याकडे बघत म्हटलं, "साइटची किल्ली तर एकाच माणसाकडे आहे." त्यांनी नाव घेतलं नाही. मी शेजारीच बसले होते. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते म्हणून मला त्या खोलीत बोलवायचे. नाव न घेता बोललेलं मला फार लवकर कळतं. एक विधुर माणूस, दिवसभर घरी, हाताशी चारशे मुलींचे फोटो आणि नंबर. हे माझ्या डोक्यात आलं, आणि एकदा आलेलं माझ्या डोक्यातून सहसा जात नाही.

ठरलं असं की साइट नव्या सर्व्हरवर न्यायची आणि यापुढे मी सांभाळायची. आबांनी खळखळ केली नाही. एका कागदावर सगळे पासवर्ड लिहून दिले, जुन्या डेटाबेसमधून माहिती काढता यावी म्हणून नव्या सर्व्हरला आत यायची परवानगी दिली आणि म्हणाले, "काही आडलं तर फोन कर." त्यांनी इतक्या सहज दिलं याचंच मला नवल वाटलं. बारा वर्षांची गोष्ट माणूस इतकी सहज देतो का, असं मी घरी येताना रिक्षात यजमानांना विचारलंही. ते म्हणाले, "नसतं दिलं तर काय म्हणाली असतीस?"

या सगळ्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. सुरतेच्या कापडबाजारात दुकानात नुसते नमुने टांगलेले असतात, माल दुसरीकडे गोडाउनात असतो. साइटचंही तसंच. पडद्यावर दिसतं ते दुकान, आणि खरी माहिती ठेवलेली असते तो डेटाबेस म्हणजे गोडाउन. दुकानात एक चिठ्ठी ठेवलेली असते: गोडाउन कोणत्या पत्त्यावर आहे, तिथे कोणाचं नाव सांगायचं, परवलीचा शब्द काय. ही चिठ्ठी म्हणजे कॉन्फिगची फाइल. दुकान नव्या जागी हलवलं की माल हलवायचा आणि चिठ्ठीही बदलायची. काम एवढंच आहे, आणि जगातले निम्मे घोटाळे या चिठ्ठीत होतात.

अध्यक्षांनी नव्या साइटसाठी आखाजीचा दिवस काढला. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. आमच्याकडे आखाजीएवढा मोठा सण नाही. लेकी माहेरी येतात, आणि चांगलं काम त्या दिवशी सुरू केलं की ते टिकतं अशी सगळ्यांची पक्की समजूत. सकाळी साडेदहाचा मुहूर्त होता. मंडळाच्या खोलीत कॉम्प्युटरला हार घातला, कीबोर्डला हळदीकुंकू लावलं, बायका काठापदराच्या साड्या नेसून आल्या. मी नऊपासून माहिती चढवत होते आणि फाइल मोठी असल्यामुळे नवा सर्व्हर ती दर वेळी अर्ध्यातून परत पाठवत होता. अध्यक्ष नारळ हातात घेऊन माझ्या मागे उभे. "बेन, साडेदहाच्या आत चालू करी टाका. मुहूर्त काही आपल्यासाठी थांबणार नाही." मी चालू करून टाकली. साइट उघडली, टाळ्या झाल्या, नारळ फुटला. दुपारी घरी जाऊन शांतपणे फाइलचे तुकडे केले आणि सगळी माहिती नव्या डेटाबेसमध्ये चढवली. संध्याकाळी पुरणपोळी खाताना मी स्वतःवर खूष होते.

महिन्याभराने आबांचा मेसेज आला. "तुमच्या नव्या साइटकडून जुन्या डेटाबेसवर अजून रोज ये-जा दिसते. एकदा तपासून घ्या. तोपर्यंत मी बंद करत नाही." मी तो तीनदा वाचला. म्हणजे हे अजून बघतात. साइट सोडून महिना झाला तरी कोण येतं, कोण जातं, यावर यांचा डोळा आहे. उत्तर द्यायच्या आधी मी मेसेजचा फोटो काढून अध्यक्षांना पाठवला आणि खाली लिहिलं, बघा. मग आबांचा नंबर ब्लॉक केला. तपासायचं काही मला सुचलं नाही. साइट चालत होती, आणि नवी स्थळं रोज भरली जात होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी, साइट गेली. पडद्यावर पांढऱ्या पानावर एकच वाक्य: डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. पुढच्या महिन्यात मंडळाचा परिचय मेळावा होता. त्यात वाटायची सूची याच माहितीवरून छापायची होती. अध्यक्षांचा फोन आला, त्यानंतर त्यांच्या बायकोचा आला, मग चार आयांचे आले. मी शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत बसून चिठ्ठी उघडली.

चिठ्ठीत चूक नव्हती. पत्ता नव्या सर्व्हरचाच, डेटाबेसचं नाव बरोबर, वापरणाऱ्याचं नाव बरोबर. पासवर्ड बदलून पाहिला. नवा वापरकर्ता तयार करून त्याला सगळे हक्क दिले. डेटाबेस चालू आहे का ते पाहिलं, चालू होता. त्याच नावाने, त्याच पासवर्डने मी स्वतः आत गेले, तर मला कोणी अडवलं नाही. साइटला मात्र दार उघडत नव्हतं. दोन तास हेच. असं होतं तेव्हा माणूस आपलं कुठे चुकलं ते शोधतो. मी कोणाचं चुकलं ते शोधत होते, आणि ते नाव माझ्याकडे आधीपासून तयार होतं.

गुरुवारी मी सर्व्हरच्या कंपनीकडे विचारणा केली. त्यांच्या माणसाने तासाभराने लिहून कळवलं की तुमची साइट आमच्या डेटाबेसकडे येतच नाही, ती बाहेरच्या एका पत्त्यावर जायचा प्रयत्न करते आहे आणि तिथून कोणी उत्तर देत नाही. खाली तो पत्ता होता, टिंबं देऊन लिहिलेले चार आकडे. मी आबांनी दिलेला कागद पर्समधून काढला. जुन्या सर्व्हरचा पत्ता तोच होता.

तेव्हा मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. सहा महिने ही मुलींची माहिती आपल्या साइटवरून त्या माणसाकडे जात होती. त्याने साइट बनवतानाच आत कुठेतरी तसं करून ठेवलं होतं. आणि आता आपलं बिंग फुटेल म्हणून दार लावून घेतलं. सगळं एकमेकांत नीट बसत होतं. कंपनीचं उत्तर आणि आबांचा कागद, दोन्हींचे फोटो मी कार्यकारिणीच्या ग्रुपवर टाकले आणि लिहिलं, "साइट कोणी बंद पाडली आणि आपल्या मुलींची माहिती सहा महिने कोणाकडे जात होती, हे सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं." अर्ध्या तासात अध्यक्षांनी रविवारी सकाळी सभा लावली. विषय एकच, आबांचं नाव आजीव सभासदांच्या यादीतून कमी करणे.

शुक्रवारी शाळा सकाळची होती. दुपारी जेवण झाल्यावर मी घरी कॉम्प्युटर उघडला, तो सभेची तयारी करायला. नुसतं तोंडी सांगून भागलं नसतं, आबांचा हात नेमका कुठे लागला आहे ते मला बोट ठेवून दाखवायचं होतं. म्हणून तो पत्ता साइटच्या सगळ्या फायलींमध्ये शोधायला लावला. शेकडो फायली. एकीत सापडला.

ती फाइल मुख्य चिठ्ठीच्या शेजारीच होती. आबांनी साइट लिहिताना एक सोय ठेवली होती: शेजारी दुसरी चिठ्ठी असली, तर साइटने पहिलीचं न ऐकता दुसरीचं ऐकायचं. घरच्या कॉम्प्युटरवर चाचणी करताना मुख्य फाइलला हात लावावा लागू नये, एवढाच तिचा उपयोग. दुसऱ्या चिठ्ठीत जुन्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेला होता. फाइल बनल्याची तारीख आखाजीची, वेळ सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. आणि पत्त्याच्या वर मराठीत एक ओळ: "फक्त आजच्यापुरतं, मुहूर्तासाठी."

आबा असल्या नोंदी कचेरीतल्या इंग्रजीत लिहायचे. मराठीत मीच लिहिते. नारळ घेऊन अध्यक्ष मागे उभे होते, माहिती चढत नव्हती, तेव्हा मी दुकान नवं आणि गोडाउन जुनं असं जोडून वेळ मारून नेली होती. दुपारी माल नव्या गोडाउनात आणून टाकला आणि ही चिठ्ठी काढायची विसरले. सहा महिने नव्या साइटवर भरलेलं प्रत्येक स्थळ आबांच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसत होतं. ते मी पाठवत होते. आणि आबांनी ते मला कळवलंही होतं.

यजमानांची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. ते पेपरातून डोकं काढून म्हणाले, "काय, सापडला का चोर?"

"सापडला," मी म्हटलं.

"कोण?"

"चहा टाकते," म्हणून मी उठले.

ओट्याशी उभी राहून मी जो विचार केला तो इथे लिहायलाच हवा. ती फाइल पुसली असती तर कोणालाही कधीच कळलं नसतं. मी ती बाजूला केली, साइट लगेच उघडली. उघडली, पण त्यात शेवटचं स्थळ आखाजीच्या दिवशीचं होतं. पुढच्या सहा महिन्यांतल्या पोरी नव्हत्या, पोरं नव्हती. ती सगळी आबांच्या बंद पडलेल्या सर्व्हरवर. नव्या डेटाबेसमध्ये ती असती, तर मी फाइल पुसून रविवारी सभेत गप्प बसले असते. मला स्वतःबद्दल एवढं माहीत आहे. शनिवारी मी भेस्तानला आबांकडे गेले ती माल मागायला गेले, माफी मागायला नाही.

त्यांच्या सुनेने दार उघडलं, पाणी दिलं आणि एक शब्द न बोलता आत गेली. म्हणजे ग्रुपवरचं त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. आबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. "ये, बठ," म्हणाले; घरी ते अहिराणीच बोलत. मी सगळं सांगितलं. आखाजी, मुहूर्त, दुसरी चिठ्ठी. सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "मी तुले मेसेज करा व्हता."

"हो. मी तुमचा नंबर ब्लॉक केला होता."

"अध्यक्षांलेबी कागद देयेल व्हता. सर्व्हरनी मुदत दिवाळीनंतर संपस, तेना आत आवरी ल्या म्हनीसन." अध्यक्षांनी तो कागद वाचला की नाही, देव जाणे. म्हणजे आबांनी काही बंद केलंच नव्हतं. मुदत संपली आणि ते आपोआप बंद झालं. त्या तक्रारीतल्या मुलीला येणाऱ्या फोनांचंही मी विचारलं, कारण मला राहवलं नाही. ते उठले आणि कपाटातून मागच्या मेळाव्याची छापील सूची काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक मुलीच्या फोटोखाली तिच्या घरचा नंबर होता. ही सूची मेळाव्यात येईल त्याला मिळते. माझ्याही घरात एक पडलेली होती.

मग मी विचारलं, सहा महिन्यांची माहिती गेली का कायमची? आबांनी टेबलाच्या खणातून एक पेन ड्राइव्ह काढला. नवी साइट अजून आपल्याकडेच लिहिते आहे हे दिसल्यापासून ते दर आठवड्याला एक कॉपी काढून ठेवत होते. उद्या काही झालं तर मंडळाचं नुकसान नको, म्हणून. मी पेन ड्राइव्ह हातात घेतला, आणि तेव्हासुद्धा माझी नजर त्या खणात गेली, आत आणखी किती आहेत ते बघायला. आबांनी ते पाहिलं. खण तसाच उघडा राहू दिला. आत चष्म्याचं घर आणि औषधाच्या पट्ट्या होत्या.

"एकच गोट ध्यानमा ठेव," ते म्हणाले. "मनाकडे कॉपी व्हती हाई कोनले सांगू नको. सर्व्हरना कंपनीनी काढी दिधी आसं सांग. बाकी तुले जे सांगनं ते सांग."

"का पण? तुम्ही तर वाचवलंत सगळं."

"लोक आर्धंच आयकतस," ते म्हणाले आणि मला सोडायला दारापर्यंत आले.

घरी येताना माझ्या मनात जे आलं त्याची मला आजही लाज वाटते. ज्याचं काही चुकलं नाही, त्याला लपवायचं काय असेल? इतकं सगळं कळूनही माझ्या डोक्याने हाच प्रश्न काढला. वर त्याला चांगलं रूपही दिलं: आपण आता पूर्ण खरं सांगायचं, काही म्हणजे काही झाकायचं नाही, त्यानेच त्यांचं नाव स्वच्छ होईल. दुपारी मी माहिती चढवली, स्थळं मोजली, सगळी जागच्या जागी होती. खोटं बोलायला सांगणारा माणूस आणि खरं बोलणारी मी, असा हिशोब मनात मांडून मी झोपले.

रविवारी सभेला माझ्यासकट कार्यकारिणीचे अकरा जण होते. आबा शेवटच्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मी उभी राहिले आणि सांगितलं की चूक माझी आहे. फळ्यावर दुकान काढलं, गोडाउन काढलं, दोन चिठ्ठ्या काढल्या. ती मराठी ओळ वाचून दाखवली. आबांनी मेसेज केला होता आणि मी त्यांचा नंबर ब्लॉक केला, हेही सांगितलं. लोक जांभया देत होते. सर्व्हर, पत्ता, फाइल, त्यांच्या डोळ्यांत काही उमटत नव्हतं. मला वाटलं, यांना एक तरी गोष्ट अशी सांगावी जी समजेल. म्हणून शेवटी मी म्हटलं, "आणि आज साइटवर सगळी स्थळं परत दिसतायत ती केवळ आबांमुळे. त्यांनी दर आठवड्याला कॉपी काढून घरी ठेवली होती."

जांभया थांबल्या.

"घरी?" एकाने विचारलं.

"फोटोसकट?" दुसऱ्याने विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे पोरींची माहिती त्यांच्या घरात होती, हे खरंच निघालं."

मी परत फळ्याकडे धावले. मीच ती माहिती तिकडे पाठवत होते हो, त्यांनी नाही, असं तीन प्रकारे सांगितलं. कोषाध्यक्ष मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेन, तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, सगळं स्वतःवर घेताय. काल तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात ना?" म्हणजे आबांनी मला दम दिला असेल, किंवा गळ घातली असेल, असं त्यांच्या मनात आलेलं होतं. ते किती सहज येतं हे मला ठाऊक होतं. मी जे सांगत होते त्यातलं सगळं गळून गेलं आणि जे सांगू नको असं आबा म्हणाले होते, तेवढंच खोलीत उरलं.

आबांना विचारलं, तुमच्याकडे कॉपी होती का? ते उभे राहिले आणि म्हणाले, "होती." आणि परत खाली बसले. हात वर करायला सांगितल्यावर दहा हात वर गेले. माझा हात विरोधात एकटा होता.

नवे चिटणीस वहीत ठराव लिहायला लागले आणि अडखळले. सुरुवात कशी करायची, कलम कोणतं घालायचं, त्यांना सुचेना. खोलीत कोणालाच सुचेना, कारण बारा वर्षं ती वही एकाच माणसाने लिहिली होती. तेव्हा आबा मागून पुढे आले, वहीवर वाकले आणि हळू आवाजात सांगू लागले. आधी ठराव क्रमांक घाला. मग विषय. मग सूचक, मग अनुमोदक. नाव पूर्ण लिहा, नुसतं आबा लिहू नका. चिटणिसांनी लिहिलं. आबांनी ते एकदा वाचलं, एका जागी स्वल्पविराम घालायला लावला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेले. मी खिडकीतून बघत राहिले. रिक्षा मिळेपर्यंत ते उन्हात उभे होते. मी खाली गेले नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

त्यानंतर मी दोनदा भेस्तानला जाऊन आले. दोन्ही वेळा सुनेने सांगितलं, झोपले आहेत. एकदा सकाळचे अकरा वाजले होते, एकदा संध्याकाळचे पाच.

मेळावा चांगला झाला. त्यातून चार लग्नं जमली, त्यातली दोन त्या सहा महिन्यांत भरलेल्या स्थळांची. साइट अजून मीच बघते. नव्या सर्व्हरवर माझा विश्वास नाही, कोणत्याच सर्व्हरवर नाही. म्हणून दर शुक्रवारी शाळेतून आले की एक कॉपी काढते आणि घरी ठेवते. आता साडेपाचशे मुली झाल्या. फोटो, नंबर, पत्ते, सगळं माझ्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांमागे असतं. परवा अध्यक्ष कोणाला तरी फोनवर सांगत होते, आमच्या बेनकडे आहे, काही काळजी नाही. माझ्या घरी कॉपी आहे का, असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही.